अंगणातील जास्वंद आणि शेतातील कपाशी



गणेशपूजेस लाल जास्वंदीचे फूल हवे, म्हणून खेड्यातील परसापासून शहरातील गच्चीपर्यंत हे झाड आवडीने लावले जाते. लावल्यानंतर मात्र त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. या उपेक्षेची झळ केवळ फुलांनाच लागते असे नाही. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कपाशी ही एकाच कुळातील भावंडे होत. त्यामुळे एकीवर पोसलेली कीड दुसरीकडे सहज मुक्काम हलविते.

२००७ च्या सुमारास महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांत कपाशीवर पिठ्या ढेकणाचा मोठा उपद्रव झाला. ही कीड मूळची अमेरिका खंडातील. कपाशीची वेचणी संपून शेत मोकळे झाले, तरी ती बांधावरील गाजरगवतावर आणि अंगणातील जास्वंदीवर तग धरून राहते. यास्तव जास्वंदीची निगा राखणे ही केवळ हौस नव्हे. कापूस पिकविणाऱ्या गावात ते पीकसंरक्षणाचेच एक अंग आहे.

निरोगी झाडाची सुरुवात लागवडीपासून होते. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटर लांबीची छाट कलमे लावावीत. जागा निदान पाच-सहा तास ऊन मिळणारी असावी. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचते, मुळे कुजतात व पाने पिवळी पडतात. अशा ठिकाणी खड्ड्यात मुरूम किंवा वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. वरची माती सुकू लागली म्हणजे पाणी द्यावे. पाण्यात फार खंड पडला, तर कळ्या गळतात.

बहुतेक जातींचे फूल एका दिवसाचे सोबती असते आणि ते नव्या फुटीवर येते. म्हणून थंडी ओसरताच झाडाची सुमारे एकतृतीयांश छाटणी करून शेणखत द्यावे. छाटणीने झाड मोकळे होते, हवा खेळते आणि दडलेली कीडही दृष्टीस पडते.

कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि खोडावर मुंग्यांची रांग लागली, म्हणजे पिठ्या ढेकूण आला असे समजावे. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात. तेव्हा त्यांचाही बंदोबस्त करावा. कीड लागलेले शेंडे कापून जाळावेत अथवा खोल पुरावेत. उकिरड्यावर टाकू नयेत. नंतर ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा साबण मिसळावा आणि सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूसही फवारावे. आठवड्याने पुन्हा पाहणी करून गरज भासल्यास फवारणी करावी.

जहाल विषारी औषधे मात्र टाळावीत. पिठ्या ढेकणाच्या शरीरात अंडी घालून त्याचा नाश करणारी एक इवलीशी गांधीलमाशी आहे. कपाशीवरील ही कीड आटोक्यात येण्यास तिचे मोठे साहाय्य झाले. विषाने ती आधी मरते आणि मेणचट आवरणाखालील कीड मात्र पुष्कळदा वाचते. शिवाय जास्वंदीचे फूल देवाला वाहिले जाते, त्याचे केशतेलही घरोघरी केले जाते, हे विसरून चालणार नाही.

आठवड्यातून एकदा झाडाची पाने उलटून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. तेवढ्याने दारची जास्वंद बहरेल आणि शेजारच्या शेतातील कपाशीच्या वाटेवरील एक धोकाही टळेल.