शस्त्रक्रियेनंतरचा श्वास

भोपाळच्या शिवाजी नगरात सरकारी जयप्रकाश रुग्णालय आहे. लोक त्यास ‘१२५०’ या आकड्यानेच ओळखतात. अशा कोणत्याही रुग्णालयात पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या उशाशी क्षणभर बसून पाहा. तो तोकडा श्वास घेतो, आलेला खोकला दाबून टाकतो. टाके उसवतील हे त्याचे भय. घरची मंडळीही म्हणतात, ‘हलू नकोस, पडून राहा.’ माया खरी. पण हा सल्ला घातक ठरू शकतो.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आहे. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुप्फुसांचा तळ हवेने भरतो. पोटाच्या वरच्या भागात छेद घेतला, की हा स्नायू मंदावतो. तळचे वायुकोश मिटू लागतात, कफ साचतो, आणि जखम भरत असतानाच न्यूमोनिया गाठतो.

उपाय साधा आहे. जखमेवर उशी घट्ट धरावी. सावकाश खोल श्वास घ्यावा, क्षणभर धरावा, सोडावा. असे दहा श्वास झाले, की उशी दाबूनच खोकावे. जागेपणी दर तासाला हा क्रम चालावा. डॉक्टरांच्या अनुमतीने लवकर उठून चालावे. हे जमावे म्हणून वेदनाशामक औषध मागण्यात संकोच नको.

तीन चेंडूंचे यंत्र पुष्कळांना मिळते. श्वास ओढताच चेंडू वर चढतात, उत्साह वाटतो. परंतु केवळ त्या यंत्रामुळे फुप्फुसांचे विकार टळतात, असे सिद्ध झालेले नाही.

खरे महत्त्व आहे ते आधी शिकण्याला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ४४१ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. केवळ पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना फुप्फुसांचे उपद्रव झाले. शस्त्रक्रियेपूर्वी अर्धा तास प्रत्यक्ष शिकविलेल्यांत हे प्रमाण १२ टक्केच राहिले. हाताशी काही आठवडे असतील, तर श्वास ओढताना विरोध करणाऱ्या लहान उपकरणाने श्वासाचे स्नायू आधीच बळकट करवून घेता येतात. १९८४ च्या वायुदुर्घटनेत ज्यांची फुप्फुसे दुखावली, त्यांनी तर ती गोष्ट शल्यविशारदांस अवश्य सांगावी.

वेदनेच्या भरात नवी विद्या शिकणे कठीण. म्हणून रुग्णालयात दाखल होतानाच विचारा, ‘मला श्वास घ्यायला कोण शिकवील?’