आडवं सरकणारं आकाश

आज एक रॉक अल्बम कसा ऐकावा, त्याबद्दल बोलणार आहे. पॉर्क्युपाइन ट्री या इंग्लिश बँडचा, १९९५ सालचा 'द स्काय मूव्ह्ज साइडवेज'.

लंडनच्या वायव्येला हेमेल हेम्पस्टेड नावाचं गाव आहे. या बँडचा कर्ताधर्ता स्टीव्हन विल्सन तिथे वाढला. तो लहान असताना एका नाताळात आईने वडिलांना पिंक फ्लॉइड या रॉक बँडची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही रेकॉर्ड दिली आणि वडिलांनी आईला डोना समरची 'लव्ह टू लव्ह यू बेबी'. दोन्ही रेकॉर्ड घरात वाजत राहिल्या. विल्सनवर फ्लॉइडचं ऋण आहे हे सगळेच सांगतात. मला मात्र डोना समरचा वाटाही तितकाच मोठा वाटतो. तिचं ते डिस्को गाणं जवळजवळ सतरा मिनिटांचं आहे, रेकॉर्डची अख्खी एक बाजू. ठेका तोच राहतो आणि त्यावरचे सुरांचे थर हळूहळू बदलतात. एवढा वेळ एकाच जागी रमता येतं, हे त्या मुलाच्या कानांना दोन्हीकडून कळलं.

आता जरा मागे जाऊ. १९६६-६७च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत सायकेडेलिक रॉक बहरला. एलएसडीच्या नशेतले अनुभव सुरांत आणायची धडपड त्यामागे होती. त्यासाठी टेप उलटी फिरवली गेली, आवाजांवर प्रतिध्वनी चढवले गेले. बीटल्सच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये तर आपला तंबोरा अखंड वाजतो. गायक-गिटारवादक सिड बॅरेटच्या हाताखाली पिंक फ्लॉइड याच काळात घडला. बॅरेट बँडबाहेर गेल्यावर उरलेल्यांनी १९७४मध्ये त्याच्यासाठी 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' रचलं. ही दीर्घ रचना दोन तुकडे करून १९७५च्या 'विश यू वेअर हिअर' या अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेवली आहे.

विल्सनने नेमकी हीच मांडणी घेतली. शीर्षकरचनेचा अठरा मिनिटांहून मोठा पहिला भाग आरंभी येतो, सुमारे सतरा मिनिटांचा दुसरा शेवटी. सुरुवातीला सिंथेसायझरचा पसरट सूर ऐकू येतो आणि ड्रम्सची चाहूलही नसते. इथे पुष्कळ जण कंटाळतात. विलंबित ख्यालाची सवय असलेल्यांना ही संथ चाल परकी वाटणार नाही. पण तिथे राग उलगडतो, इथे आवाजाचा पोत उलगडतो. सूर फारसा हलत नाही. त्याचा खरखरीतपणा, ओलावा, तो जवळून येतो की लांबून, हे बदलत राहतं. म्हणून हेडफोन लावूनच ऐका. रिचर्ड बार्बिएरी हा कीबोर्डवादक आधी 'जपान' या बँडमध्ये होता. बोटांची चपळाई दाखवण्यापेक्षा आवाज घडवण्यात त्याला अधिक रस. थिओ ट्रॅव्हिसची बासरीही या अल्बमवर आहे.

गायन शोधू नका. विल्सनचा आवाज मऊ आहे आणि तो वाद्यांत मिसळून टाकलेला आहे. मधल्या वेगवान भागात कान फक्त बासवर ठेवा, गिटार आपोआप ऐकू येईल. तिथे तुम्हाला डोना समरचं ते न थकणारं आवर्तन भेटेल. १९७५च्या फ्लॉइडमध्ये ही नाचरी सक्ती नव्हती. नव्वदच्या दशकातलं इंग्लंडचं इलेक्ट्रॉनिक संगीत विल्सनच्या आजूबाजूलाच होतं आणि ते त्याने मनापासून आत घेतलं. म्हणूनच या अल्बमला नक्कल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. गिटारच्या लांब, रडवेल्या ओढींवर फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याची सावली आहे, हे मात्र मान्यच करायला हवं.

माझी सर्वांत लाडकी रचना 'मूनलूप'. चौघे वादक एकत्र बसून सुचेल तसं वाजवत गेले आणि त्यातून ती निघाली. विल्सन, बार्बिएरी, बासवर कॉलिन एडविन, ड्रम्सवर क्रिस मेटलंड. त्याआधीचं पॉर्क्युपाइन ट्री म्हणजे बव्हंशी घरात एकटा बसलेला विल्सन. इथे मात्र एकाने जागा सोडली की दुसरा ती लगेच भरत नाही, थांबतो. ते थांबणं ऐका. मग १९९६चा 'सिग्निफाय' लावा. त्यावर हेच चौघे पक्का बँड म्हणून वाजवतात.