परदेशच्या जुन्या बाजारात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेल्या बाईने राजवाडे, पूल आणि बर्फ यांचे वर्णन करावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. चिटणीसबाईंनी मला आमंत्रण दिले तेव्हाच मी त्यांना सांगून टाकले की, मी लंडनला गेले, पॅरिसला गेले, पण राजवाडा एकही पाहिला नाही. मी पाहिले ते तिथले भंगार. त्या म्हणाल्या, "मग भंगाराविषयीच सांगा." तेव्हा आता जे होईल त्याची जबाबदारी त्यांच्यावर!

आमचे दुकान तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. माझ्या सासऱ्यांच्या वेळी ते तांब्यापितळेच्या भांड्यांचे होते. पुढे स्टीलचे युग आले. घरोघरच्या बायका पितळेची परात, तांब्याचा हंडा, बंब, घंगाळ घेऊन यायच्या आणि मोडीच्या भावाने देऊन वर थोडे पैसे घालून चकचकीत स्टीलचा डबा घेऊन जायच्या. कल्हईचा त्रास नाही, चिंचेने घासणे नाही. त्यांना दोष कोण देईल? मी स्वतः तेच केले असते. मोड तांबाकाट्यावर वितळायला जाई. पण सासऱ्यांचा जीव काही वस्तूंवर अडकायचा. एखादा नक्षीचा पानाचा डबा, एखादी साखळीची लामणदिवा-जोडी ते बाजूला काढीत आणि माळ्यावर टाकीत. दुकानाचा धंदा बसला, आणि पंचवीस वर्षांनी त्या माळ्यानेच तो पुन्हा उभा केला. सिनेमावाले येऊ लागले, हॉटेलवाले येऊ लागले. आता जुनी घड्याळे, दिवे, टाइपरायटर, तराजू असे सारे आम्ही ठेवतो, आणि दुकान सूनबाई सांभाळते. माल कमी पडू लागला तेव्हा तिनेच परदेशच्या बाजारांची वाट शोधली. मी तिच्याबरोबर दोनदा गेले. पहिल्यांदा सोबत म्हणून, दुसऱ्यांदा हौसेने.

लंडनला बर्मंडसी नावाचा भाग आहे. तिथला जुना बाजार शुक्रवारी पहाटे भरतो. आम्ही पोहोचलो तेव्हा उजाडायचे होते, आणि माणसे हातात विजेऱ्या घेऊन वस्तू उलट्यापालट्या करून पाहात होती. मला आपल्या चोरबाजाराची आठवण झाली. तुलना अगदीच वावगी नाही बरे का. इंग्लंडमध्ये जुना कायदा असा होता की, अशा मान्य बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात तुम्ही प्रामाणिकपणे एखादी वस्तू विकत घेतली आणि ती पुढे चोरीची निघाली, तरी मालकी तुमचीच! हा कायदा १९९५ सालापर्यंत चालू होता. आपल्या चोरबाजाराला नाव तेवढे मिळाले, सवलत मात्र साहेबाला.

पॅरिसच्या वेशीवर सेंट-उआँ येथे असाच एक अवाढव्य बाजार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शहरातल्या चिंध्या वेचणाऱ्यांना वेशीबाहेर हाकलले, त्यांनी तिथे पाल टाकले, आणि त्याचाच हा बाजार झाला. आज तिथे लाखांच्या किमतीची टेबले विकली जातात. तिथे एका काचेच्या कपाटात जहाजावरचे पितळी होकायंत्र मांडलेले होते. दुकानदार फार भारदस्त गृहस्थ. सूनबाईने ते हातात घेतले, उलटे केले, पुन्हा जागेवर ठेवले आणि मला मराठीत म्हणाली, "आई, हे आपल्या रुरकीचे आहे." रुरकीला अशी नवी 'जुनी' होकायंत्रे आणि दुर्बिणी ढिगांनी तयार होतात. आम्ही त्या गृहस्थांना नमस्कार करून पुढे सरकलो.

खरे-खोटे कसे ओळखायचे, हे मला पुष्कळजणी विचारतात. यात जादू काही नाही. पितळ म्हणून विकतात त्याला लोहचुंबक लावावे. चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. गोल टेबल असेल तर दोरीने आडवे-उभे मोजावे. लाकूड वर्षानुवर्षे आकसते, पण ते रेषांना आडवे आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे खरे जुने गोल टेबल आता नेमके गोल उरलेले नसते. अगदी वाटोळे भरले तर समजावे की सुताराने ते अलीकडेच केले आहे. आणि झीज पाहावी. माणसाचा हात जिथे पडतो तिथेच वस्तू झिजते. कागद घासून आणलेली झीज सगळीकडे सारखी असते. खुर्चीच्या हातांवर झीज आहे आणि पायांच्या मधल्या आडव्या दांडीवर नाही, तर विचारावे, या खुर्चीत बसणाऱ्याला पाय नव्हते की काय?

घासाघीस मात्र मला कोणी शिकवावी लागली नाही. भुलेश्वरला चाळीस वर्षे भाजी घेतलेली बाई आहे मी. तिथे फक्त आवाज चढवायचा नाही. वस्तू हातात घेऊन हळूच विचारायचे, "यात तुम्ही काय करू शकाल?" आणि मग गप्प बसायचे. इंग्रज माणसाला शांतता सोसवत नाही. तो आपणच पाच पौंड उतरतो.

सर्वांत मोठा बाजार पाहिला तो नेवार्कचा. नॉटिंगहॅमशायरमध्ये, लढाईच्या काळातल्या एका जुन्या विमानतळाच्या लगत हा बाजार वर्षातून काही वेळा भरतो. अडीच हजारांपर्यंत विक्रेते येतात. २०१९ च्या जून महिन्यात, चिखलात, डोक्यावर प्लास्टिकची टोपी आणि पिशवीत दशम्या अशा थाटात मी तिथे हिंडले.

तिथे एका बाईच्या मांडणीवर मला पोळपाट दिसला. होय, पोळपाट! तीन पायांचा, लाकडी, मधोमध लाटून लाटून खोलगट झालेला. शेजारी दोन मापटी, एक शेवयांचा साचा, कापडावर छापण्याचे ठसे. पोळपाटावर चिठ्ठी लावली होती, 'भारतीय पावाची पाटी', आणि किंमत पंचेचाळीस पौंड, म्हणजे त्या वेळचे जवळजवळ चार हजार रुपये. बाई स्वभावाने गोड होती. ती मला समजावून सांगू लागली की यावर चीज मांडले तर फार सुंदर दिसते. मी तिला हाताने लाटून दाखवले, पोळी कशी फिरते ते. ती इतकी हरखली की शेजारच्या मांडणीवाल्यांना बोलावून आणले, आणि मला ते पुन्हा करून दाखवावे लागले. पोळपाट मी घेतला नाही. चार हजार देऊन पोळपाट परत ठाकूरद्वारला आणायचा, एवढी मी उदार नाही. पण रात्रभर एकच विचार मनात होता. तो खळगा पाडायला कुणा बाईची तीस-चाळीस वर्षे गेली असतील. घर बदलताना तो कोणी भंगारवाल्याला दिला असेल, दहा रुपयांना किंवा फुकट. पुढे जोधपूरच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या कंटेनरमध्ये बसून तो इथे आला. कायद्याचा यात काही भंग नाही. आपल्याकडचा १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षांवरील वस्तूंना देशाबाहेर नेऊ देत नाही, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. पोळपाटाला कोण विचारतो!

आता ज्यासाठी हे सारे सांगते आहे त्या गोष्टीकडे येते. त्या खेपेला आमच्याकडे एक मोठी मागणी होती. लोअर परळला, पूर्वी गिरणी होती अशा आवारात, एक उपाहारगृह निघत होते. मालकांना भिंतीवर आणि छताला 'गिरणीचे वातावरण' हवे होते. दोनशे लाकडी बॉबिनी, डझनभर धोटे आणि एखादा बिडाचा सांगाडा. सूनबाईने आधी इथेच चौकशी केली होती. बॉबिनी थोड्या मिळाल्या, बाकी काही नाही. इथल्या यंत्रांचे बहुतेक बीड केव्हाच भट्टीत गेले.

माझे माहेर लालबागचे. माझे मामा साच्यावर होते. आपल्यापैकी ज्या गिरणगावातल्या आहेत त्यांना साचा म्हणजे काय ते ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते, साचा म्हणजे कापड विणण्याचा माग. मामांना इंग्रजी वाचता येत नसे, पण त्रासन खात्यातल्या यंत्रांवर उठावाच्या अक्षरांत कोरलेले 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' हे शब्द ते एखाद्या देवाच्या नावासारखे म्हणून दाखवीत. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती सुरू झाली. तेव्हापासून यंत्रे यायची ती मुख्यतः लँकेशायरहून. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मामा त्यांत होते. पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत ते शेवटपर्यंत. गावी गेले. घरातली भांडी एकेक करून मोडीत गेली, आणि ती कोणत्या दुकानात गेली हे मी इथे सांगत नाही.

नेवार्कहून आम्ही लँकेशायरला गेलो. बर्नलीजवळ हार्ल साइक या खेड्यात क्वीन स्ट्रीट मिल आहे. १८९४ च्या सुमारास बांधलेली, वाफेवर चालणारी विणाईची गिरणी. तीसुद्धा बंद पडली १९८२ साली! साल ऐकून मी त्या मार्गदर्शक बाईंना पुन्हा विचारले. पण तिथे साचे विकले नाहीत. तीनशेच्या वर साचे जागच्या जागी ठेवून संग्रहालय केले. पैशांअभावी २०१६ साली तेही बंद झाले होते, पुढे पुन्हा उघडले. त्यांच्या वाफेच्या यंत्राचे नाव आहे 'पीस', म्हणजे शांतता. आणि साचे चालू केले की आवाज असा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तिथल्या विणकर बायका म्हणे ओठ मोठे हलवून आवाजाशिवाय बोलत, आणि समोरची ओठांवरून ओळखी. माझे मामा घरी आल्यावरही ओरडून बोलत आणि मामी त्यांच्या तोंडाकडे बघत राही, याचे कारण मला पासष्टाव्या वर्षी बर्नलीला कळले.

त्या बाईंनी धोटा हातात दिला. आत कांडी बसवायची, सुताचे टोक डोळ्यातून बाहेर काढायचे. पूर्वी ते तोंडाने ओढून घेत. त्याला तिकडे 'धोट्याचे चुंबन' म्हणत. नाव गोड, पण त्याबरोबर धूळ छातीत जाई, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. पुढे ही रीत बंद करण्यात आली. मामा असेच करीत. खोकल्यामुळे रात्री बसून झोपत.

माल आम्हाला मिळाला, एका जुन्या व्यापाऱ्याकडे. बॉबिनी, बारा धोटे, साच्याची एक बिडाची बाजू. रात्री खोलीवर माझे आणि सूनबाईचे वाजले. मी म्हटले, मुंबईच्या गिरणीच्या जागेवर लँकेशायरचे धोटे टांगायचे आणि लोकांनी त्याखाली बसून जेवायचे, हे मला पटत नाही. ती म्हणाली, "आई, आपण नाही दिले तर ते प्लास्टिकचे करून लावतील. आणि दुकानाच्या तीन माणसांचा पगार कुठून द्यायचा?" दोघींचेही बरोबर होते, म्हणून भांडण लांबले. शेवटी असे ठरले की माल द्यायचा, पण त्याबरोबर मराठीत आणि इंग्रजीत एक पाटी द्यायची. या वस्तू कुठल्या, त्यांवर काम कसे चाले, आणि इथे कोण काम करीत होते. मजकूर मी लिहिला. मालकांनी पाटी घेतली, आभार मानले. ती त्यांनी हात धुण्याच्या जागेजवळ लावली आहे असे सूनबाई सांगते. मी अजून पाहायला गेले नाही.

आता थोडे आपल्या वाडीचे. मेट्रोच्या कामात आपल्या डोळ्यांदेखत काही इमारती गेल्या. बाकीच्यांच्या पुनर्बांधणीच्या सह्या चालल्या आहेत. तुमच्यापैकी कितीतरीजणी येत्या वर्ष-दोन वर्षांत बिऱ्हाड हलवणार. संक्रमण शिबिराच्या खोलीत पाटा-वरवंटा, शिसवी पेटी, बंब मावणार नाही हे मला कळते. सगळे ठेवा असे मी म्हणणारच नाही. पण भंगारवाला दारात उभा राहील तेव्हा घाईने देऊ नका. आधी दोघांना तरी भाव विचारा. वस्तू घासूनपुसून लख्ख करू नका, तिच्यावरचा काळा रंगच तिची किंमत असते. आणि ठेवणार असाल तर तिला एक चिठ्ठी बांधा, ही कोणाची, कधी आणि कुठून आणली. चिठ्ठी नसलेल्या वस्तूला बाजार वाटेल ते नाव देतो. नव्या लोकांना 'भारतीय पावाची पाटी'च वाटेल ती. पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी सूनबाई मंडळाच्या खोलीत बसेल. वस्तू आणा, नाहीतर फोटो आणा. ती काय आहे आणि बाजारात तिचे काय यावे ते ती सांगेल. फी नाही, आणि दुकानाला विकलीच पाहिजे असेही नाही. हे मी तिच्याकडून चौघींसमोर कबूल करून घेतले आहे.

बारा धोट्यांपैकी उपाहारगृहाला अकरा गेले. बाराव्याचे पैसे मी माझ्या खात्यातून दुकानाला दिले, वहीत नोंद आहे. तो आज इथे आणला आहे, मधल्या टेबलावर रुमालावर ठेवला आहे. सगळ्यांनी हातात घेऊन पाहा. वाटतो त्यापेक्षा जड आहे. टोकांना पोलाद आहे, तेव्हा लहान मुलांच्या हाती देऊ नका. आणि ज्यांच्या घरचे कोणी साच्यावर होते त्यांनी जाण्यापूर्वी मला जरूर भेटा. सुताचे टोक कोणत्या बाजूने ओढीत याबद्दल बर्नलीच्या बाई आणि माझी आठवण यांचे जमत नाही.