हायस्कूलचा पाया स्वयंपाकघरात
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



खेड्यातील हायस्कुलाचा इतिहास सांगताना इमारत, देणगीदार आणि निकाल यांची माहिती देण्याची रीत आहे. मी आज स्वयंपाकघरापासून सुरुवात करणार आहे.

पूर्वी खेड्यातली शाळा फार तर मराठी सातवीपर्यंत, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत असे. पुढे शिकायचे तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागे. फीची तजवीज कशीबशी झाली, तरी परगावी दोन वेळच्या भाकरीचे काय? कुणब्याचे हुशार पोर तिथेच अडत असे.

ही अडचण कर्मवीर भाऊराव पाटलांनी नेमकी ओळखली. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवत. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा होई. ती मूठ घरातली बाईच बाजूला काढून ठेवीत असे, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आणि या पंगतीची आई होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या सुखवस्तू घरातून आलेल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. तरी सगळ्या जातींची पोरे त्यांनी पोटच्या लेकरांसारखी सांभाळली. मुलांच्या जेवणापायी त्यांचे दागिने गेले आणि एके दिवशी घरात दाणा नव्हता तेव्हा मंगळसूत्रही गेले. 1930 साली त्या निवर्तल्या. संस्थेचे पहिले हायस्कूल, महाराजा सयाजीराव हायस्कूल, साताऱ्यात उभे राहिले ते 1940 साली. ज्या माउलीने पाया घातला, तिला कळस पाहायला मिळाला नाही.

1948 साली गांधीजींची हत्या झाल्यावर भाऊरावांनी त्यांच्या नावाने 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. मग मुलाने गाव सोडून हायस्कुलाकडे जाण्याऐवजी हायस्कूलच खेड्याकडे येऊ लागले.

पण भगिनींनो, एक गोष्ट मनाला लागते. बायकांच्या मुठीतल्या धान्यावर वाढलेल्या त्या पंगतीत मुलगे बसले होते. त्यांच्या बहिणी तेव्हा घरी दळणकांडण करीत होत्या. आज वर्गात मुली आहेत, पण लांबच्या वाडीतल्या मुलीचे शिक्षण अजूनही शाळेच्या अंतरापाशी आणि राहण्याच्या सोयीपाशी अडते. सातवी झाली, पुरे झाले, असे घरचे म्हणतात, ते बहुधा काळजीपोटी.

म्हणून माझी एक सूचना आहे. हळदीकुंकवाच्या खर्चातून थोडे बाजूला काढून मंडळाने दरवर्षी अशा एका मुलीची जेवणाराहण्याची सोय करावी. पुढल्या वर्धापनदिनी जमाखर्च वाचला जाईल, तेव्हा त्यात तो आकडा असावा. मूठ आपलीच आहे. या खेपेस ती लेकीसाठीही उघडू या.