मोतीबिंदू आणि साखर


चतुर्थीला आपण राजूरच्या गणपतीची टेकडी चढतो. कळस धुरकट दिसला, की म्हणतो, "वय झालं, मोतीबिंदू आला." पण कुणाला चाळिशीतच मोती आला, तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेहात डोळ्यातलं भिंग लवकर गढूळ होतं. विडीनंही होतं.

साखर डोळ्यामागचा पडदासुद्धा नासवते. भिंग बदलता येतं, पडदा बदलता येत नाही. म्हणून मोती पिकायची वाट पाहू नका. जालन्यात सरकारी दवाखाना आहे, गणपती नेत्रालय आहे. तिथं डोळे दाखवा. साखर आणि रक्तदाबही मोजून घ्या. साखर ताब्यात आणून मग मोती काढला, म्हणजे जखम नीट भरते.

नव्यानं शिकलेली अक्षरं म्हातारपणीही दिसली पाहिजेत.