स्वमग्न बालके आणि प्रशिक्षित हात

(गिरगाव येथे बालवाडी शिक्षिका, अंगणवाडी सेविका व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



दीड-दोन वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, खिडकीतून चांदोबा दिसला तरी आईचे लक्ष तिकडे वेधीत नाही, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी बहुधा एकच समजूत घालतात : 'याचा बापही उशिराच बोलला होता.' गिरगावच्या चाळींतून ही समजूत आजही ऐकू येते. क्वचित ती खरीही ठरते. परंतु ती खरी ठरण्याची वाट पाहण्यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात आणि नेमका तोच काळ बालकाच्या वाढीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो. याच काळात योग्य साहाय्य मिळाले, तर मुलाचे बोलणे, खेळणे आणि इतरांशी नाते जोडणे यांत पुष्कळ फरक पडू शकतो. या साहाय्याला 'शीघ्र हस्तक्षेप' असे म्हणतात. हे साहाय्य कोणी द्यावे, आणि देणाऱ्याचे शिक्षण काय असावे, हा या भाषणाचा विषय आहे.

स्वमग्नता ही अवस्था वैद्यकशास्त्रात प्रथम तपशिलाने मांडली ती अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी, १९४३ मध्ये, अकरा मुलांच्या निरीक्षणावरून. पुढे काही काळ या अवस्थेचा दोष आईच्या थंड वागण्याला दिला गेला. ही कल्पना शास्त्राने केव्हाच टाकून दिली आहे. शेजारपाजारी मात्र ती अधूनमधून डोके वर काढते आणि आधीच खचलेल्या आईला अधिक खचविते. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणा होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. आपल्या देशात 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' ने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा समावेश आहे. त्यापूर्वी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानेही तिची स्वतंत्र दखल घेतली होती.

मुलांसाठी काम करावयाचे तर केवळ माया पुरेशी नाही, त्याचे रीतसर शिक्षण हवे, हा विचार मुंबईच्या या भागाला नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. शिशुशाळेतील शिक्षिकेने मूल कसे वाढते याचा अभ्यास केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय काढले. देशातील ते पहिलेच. मूळच्या अमेरिकन आणि विवाहाने निंबकर झालेल्या या बाईंनी मध्यम वयात अमेरिकेत जाऊन या शास्त्राचे शिक्षण घेतले होते आणि मगच इतरांना शिकविण्याचे काम अंगावर घेतले होते. वाचा-उपचाराचे देशातील आरंभीचे अभ्यासक्रम साठच्या दशकात सुरू झाले, त्यांतही मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय अग्रभागी होते. चर्नी रोडपासून काही स्थानकांच्या अंतरात ही परंपरा उभी राहिली.

आता कायद्याकडे वळू. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम १९९२ मध्ये संमत झाला आणि जून १९९३ पासून परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अशा व्यावसायिकांची नोंदवही ही परिषद ठेवते. मान्यताप्राप्त अर्हता नसताना आणि नाव नोंदलेले नसताना दिव्यांगांच्या पुनर्वसनाचा व्यवसाय करणे, हा या अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे गुन्हा होय. त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. एक हजार ही रक्कम आज पाहता हास्यास्पद वाटते. काही खासगी केंद्रांत ती एका दिवसाच्या उपचारातच वसूल होत असेल! तरीही तरतूद आहे आणि पालकांनी ती माहीत करून घेतली पाहिजे. व्यवसायोपचार व भौतिकोपचार या शाखांसाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे, आणि या शाखा २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक केंद्रीय अधिनियमाच्या कक्षेत आल्या आहेत.

निरनिराळ्या शाखांचे शिक्षण निरनिराळे आहे. वाचा-उपचाराची पदवी चार वर्षांची, त्यात प्रत्यक्ष कामाचा काळ धरलेला. व्यवसायोपचाराला त्याहूनही थोडा अधिक काळ लागतो. स्वमग्न मुलांच्या विशेष शिक्षकासाठी स्वतंत्र दोन वर्षांची पदविका आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला पदव्युत्तर शिक्षणानंतरही पर्यवेक्षणाखालील प्रशिक्षण घ्यावे लागते. नोंदणी एकदा झाली की जन्मभर पुरली असे नाही. तिचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्या मुदतीत पुढील शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पदवी ही अट आवश्यक आहे; ती पुरेशी मात्र नाही. व्यवसायोपचाराचा पदवीधर पक्षाघाताचे वृद्ध रुग्ण, हाताला इजा झालेले कामगार आणि मेंदूचा पक्षाघात झालेली बालके या सर्वांविषयी शिकतो. त्या अभ्यासक्रमात दोन वर्षांच्या स्वमग्न बालकाच्या वाट्याला किती तास येत असतील, याची कल्पना करता येईल. म्हणून पदवीनंतर, या विशिष्ट वयाच्या आणि या विशिष्ट अवस्थेच्या मुलांबरोबर, अनुभवी व्यक्तीच्या नजरेखाली काही काळ काम केलेले असणे, हीच खरी कसोटी मानली पाहिजे.

त्या काळात शिकावयाचे काय? प्रथम, मुलाच्या मागे जाणे. मूल गाडीचे चाक फिरवीत बसले असेल तर गाडी हिसकावून 'नमस्कार कर' म्हणणे सोपे असते. प्रशिक्षित व्यक्ती शेजारी बसते, तीही एक चाक फिरविते, थांबते, मुलाची नजर क्षणभर वर येते का हे पाहते, आणि ती आली की त्या क्षणाला प्रतिसाद देते. दुरून पाहणाऱ्याला यात उपचार असा काही दिसतच नाही. 'बाई नुसत्या खेळतात आणि पैसे घेतात' अशी तक्रार त्यामुळे आजोबांकडून येते. ते खेळणे साधून करावयाचे, त्याची नोंद ठेवावयाची आणि पंधरा दिवसांनी त्या नोंदीवरून पुढचे पाऊल ठरवावयाचे, हे शिकायला महिनेच्या महिने लागतात.

दुसरे, मुलाच्या संवेदना ओळखणे. पुष्कळशा स्वमग्न मुलांना विशिष्ट आवाज, उजेड किंवा स्पर्श असह्य होतो. गिरगावात हा प्रश्न वर्षातून निदान दोनदा तरी दारात येऊन उभा राहतो. ज्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे, त्या परिसरात ढोल-ताशाचा आवाज टाळणे केवळ अशक्य. पाडव्याच्या शोभायात्रेचेही तेच. मूल कान दाबून किंचाळू लागले की लोक म्हणतात, 'लाडावलेले आहे.' अप्रशिक्षित 'थेरपिस्ट' सांगतो, 'सवय होईल, गर्दीत न्या.' जाणता कार्यकर्ता आधी आठवडाभर मुलाला चित्रांवरून सांगून ठेवावयास लावतो, कानांवर आवाज रोखणारी साधने चढवावयास सांगतो, मिरवणूक दूरच्या गॅलरीतून दहा मिनिटे पाहून परत फिरण्याची योजना आखतो. मूल उत्सवातून वगळले जात नाही आणि भरडलेही जात नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. मुंबईत उपचाराची सामग्री, चाचण्या आणि चित्रपत्ते बहुतांशी इंग्रजीत असतात. त्यामुळे 'घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा, ती इंग्रजी' असा सल्ला कित्येक कुटुंबांना मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाची भाषिक वाढ खुंटते, असे संशोधनात आढळलेले नाही. उलट ज्या आजीला इंग्रजी येत नाही तिचे बोलणे एकाएकी थांबते आणि मुलाभोवतीचा बोलका माणूस कमी होतो. घरच्या भाषेत काम करता येणे ही प्रशिक्षणाची अट असली पाहिजे, ती केवळ सोय समजू नये.

एवढे सगळे येणारी माणसे आहेत किती? गरजेच्या मानाने फारच थोडी, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या शहरांत. म्हणून दुसरा प्रश्न पुढे येतो : पदवी नसलेल्या कार्यकर्त्याला यातील काही भाग शिकविता येईल काय? याचे एक चांगले उत्तर शेजारच्या गोव्यातून आले. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांचा त्यात समावेश होता. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु शिकवून तयार केलेल्या आणि सतत देखरेखीखाली असलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांसाठी बारा बैठका घेतल्या. पालक मुलाशी खेळत असताना चित्रफीत घ्यावयाची, मग ती त्यांच्याबरोबर बसून पाहावयाची आणि कोठे मुलाने काही सांगू पाहिले, कोठे ते निसटले, हे दाखवावयाचे, अशी ही पद्धत. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. एका बाबतीत मात्र, दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याच्या काळात, अपेक्षेविरुद्ध घट दिसली. ती संशोधकांनी लपविली नाही, हेही नोंद घेण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला पालक-कौशल्य कार्यक्रमही याच दिशेचा आहे. त्यात नऊ सामूहिक बैठका आणि तीन गृहभेटी असतात.

या प्रयोगांतील 'देखरेखीखाली' हा शब्द वाचताना पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. अमेरिकेत वर्तन-तंत्रज्ञाला आरंभी ४० तासांचे प्रशिक्षण पुरते, म्हणून येथेही एका आठवड्याचे वर्ग निघाले. पण तेथे त्या तंत्रज्ञाने दिलेल्या सेवेच्या निदान पाच टक्के तासांवर अर्हताप्राप्त विश्लेषकाची देखरेख दर महिन्याला बंधनकारक असते. आपण ४० तास तेवढे उचलले आणि देखरेख तेथेच ठेवली. शिवाय ते प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन मंडळाने २०२३ पासून भारतासह बहुतेक देशांतील नव्या अर्जदारांना प्रमाणपत्र देणे थांबविले आहे, तेव्हा भिंतीवरील चौकटीत काय लिहिले आहे ते तारखेसह वाचावे.

शासकीय पातळीवर पाया घातला गेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. फिरती पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी करतात आणि शंका आल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत जून २०२१ मध्ये सर्व प्रकारच्या दिव्यांग बालकांसाठी असे केंद्र सुरू झाले. नायर रुग्णालयातही मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप व पुनर्वसन केंद्र चालते. लोअर परळची 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून या क्षेत्रात असून ती वस्ती-पातळीवरील कार्यकर्त्यांनाही प्रशिक्षण देते. पुनर्वसन परिषदेने २०२१ मध्ये समुदाय-आधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. राज्यात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यानुसार सेविकेने लक्षणे ओळखावयाची, कुटुंबाला धीर द्यावयाचा आणि मुलाला पुढे पाठवावयाचे आहे.

ही पुढे पाठविण्याची पायरीच सर्वांत नाजूक होय. सेविकेने 'तुमचे मूल स्वमग्न आहे' असे म्हणू नये. ते ठरविण्याचा अधिकार तिला नाही आणि चुकीचा शब्द घरात वर्षानुवर्षे राहतो. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मोजपट्टीदेखील चाळीस विधानांची आहे. ती प्रशिक्षित व्यक्तीनेच भरावयाची असते. मात्र 'मोठे झाल्यावर बोलेल' असेही सेविकेने म्हणू नये. 'हा हाकेला वळत नाही असे मला चार वेळा दिसले, आपण तपासून घेऊ,' एवढे वाक्य पुरते. ते वाक्य न घाबरविता उच्चारणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि वर्गात तोंडपाठ करून ते येत नाही. वरिष्ठ कार्यकर्तीने दोन-तीन घरी सोबत जाऊन ते दाखवावे लागते.

पालकांपुढे, विशेषतः ज्यांनी नुकतेच निदान ऐकले आहे त्यांच्यापुढे, अनेक दारे एकाच वेळी उघडतात. त्यांत मूळ पेशींच्या उपचाराचे दारही असते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असे कळविले आहे. दागिने मोडण्यापूर्वी हे ध्यानात असावे. कोणत्याही केंद्रात शिरताना पालकांनी नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो परिषदेच्या नोंदवहीत पडताळावा. मुलाबरोबर प्रत्यक्ष कोण बसणार, नोंदणीकृत तज्ज्ञ की त्यांची साहाय्यक, आणि साहाय्यक असेल तर तिचे काम कोण व किती वेळा पाहते, हेही विचारावे. पालकांना खोलीत बसू देतात का, हा प्रश्न तर पहिल्याच दिवशी विचारावा. दार लावून घेणाऱ्या केंद्रात पालकाला काहीच शिकता येत नाही, आणि मूल आठवड्यातले दोन तास केंद्रात असले तरी उरलेले सगळे तास घरीच असते. या प्रश्नांनी चांगला तज्ज्ञ रागावत नाही.

गिरगावातील जुन्या चाळी आता एकेक करून उतरत आहेत. गॅलरीत खेळणाऱ्या दहा मुलांत अकरावे मूल वेगळे बसलेले शेजारणीच्या सहज नजरेस पडे. बंद दारांच्या सदनिकेत ते पडणार नाही. तेव्हा ते पाहण्याचे काम बालवाडीच्या आणि अंगणवाडीच्या बाईंकडेच अधिकाधिक येणार आहे. त्यांच्या प्रशिक्षणाचे तास ठरविताना विकासाच्या टप्प्यांच्या तक्त्याबरोबरच एखादा संपूर्ण दिवस शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, मुलांच्या शेजारी जमिनीवर बसून, घालविण्याची तरतूद करणे इष्ट ठरेल.