परतफेड ही मेहेरबानी नव्हे
(तळेघर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



घोडेगाव-डिंभ्याकडून येणारा रस्ता या तळेघरावरून भीमाशंकराकडे जातो. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे श्रावणात या रस्त्याने यात्रा आली नाही. महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये मिटलेली राज्यातील देवळांची दारे १६ नोव्हेंबरला उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. साथ हटवायची तर गर्दी टाळावीच लागते. त्याविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच, की सर्वांच्या आरोग्यासाठी प्रवास थांबवला गेला, तर त्याची किंमत एकट्या प्रवाशाने का मोजावी?

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे, करारातील काम नंतर अशक्य वा बेकायदा ठरले तर करार रद्द होतो. आणि ६५ व्या कलमाप्रमाणे, अशा करारापोटी ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करावयाचा असतो. म्हणजे परतफेड ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

परंतु हक्क पदरात पडतो तो दाद मागणाऱ्याच्या. विमानप्रवाशांच्या वतीने 'प्रवासी लीगल सेल' ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने टाळेबंदीतील रद्द तिकिटांच्या परताव्याचे नियम ठरले. आर्थिक अडचणीतील कंपन्यांनाही ती रक्कम प्रवाशाच्या नावे जमा ठेवून ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरू द्यावी आणि न वापरल्यास परत करावी, असे बंधन पडले. रेल्वेने रद्द गाड्यांचे पूर्ण भाडे परत केले आणि खिडकीवरील तिकिटांची मुदत आधी सहा, मग नऊ महिन्यांपर्यंत वाढवली. याच काळात घराकडे निघालेल्या मजुरांकडून मात्र भाडे घेतले जात होते. ते घेऊ नये, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २८ मे २०२० रोजी द्यावा लागला.

आता आपल्या वाड्यावस्त्यांकडे पाहावे. दहा-वीस घरे मिळून देवदर्शनासाठी खाजगी गाडी ठरवतात, विसार देतात. पावती नसते, असलीच तर 'पैसे परत मिळणार नाहीत' अशी ओळ छापलेली असते. दुसरीकडे गाडीवालाही हप्त्यांच्या ओझ्याखाली दबलेला असतो. हिरड्याच्या पैशातून विसार देणारा आदिवासी आणि कर्जाने गाडी घेतलेला चालक, या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करून प्रश्न सुटणार नाही. प्रवाशाचे पैसे परत मिळालेच पाहिजेत. पण बंदी घालणाऱ्या शासनाने लहान वाहनचालकाचा भारही उचलला पाहिजे.

ही मागणी अवास्तव नाही. प्लेगच्या काळात, १८९७ साली, इंग्रजांनी केलेल्या साथरोग कायद्याच्या दुसऱ्या कलमातच खर्च कोणी सोसावा हे ठरवण्याचा अधिकार शासनाला दिला आहे, आणि त्यात नुकसानभरपाईचाही उल्लेख आहे. मात्र तो 'असल्यास' या शब्दाने लंगडा केलेला आहे. चौथ्या कलमाने अधिकाऱ्यांना संरक्षण दिले ते निःसंदिग्ध. सामान्य माणसाच्या भरपाईपुढे तेवढे 'असल्यास'! ते 'असल्यास' काढून टाकावे, हीच खरी लढाई आहे.

तोवर कार्यकर्त्यांनी हाती घेण्याजोगे काम लहान, पण नेमके आहे. विसार देताना पावती घ्यावी आणि सरकारी आदेशाने प्रवास रद्द झाल्यास रक्कम परत मिळेल, ही अट तिच्यावर लिहून घ्यावी, हे गावोगाव सांगावे. पैसे अडले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा रस्ता बंद करण्याचा हुकूम आणि भरपाईचा हुकूम एकाच दिवशी निघाला पाहिजे.